गोंदण पुसलेला चेहरा : घरातील जुन्या छायाचित्राच्या 'दुरुस्ती'ची समीक्षा

समीक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कविता, कादंबरी, फार तर नाटक किंवा चित्रपट येतो. या पाठात आपण भिंतीवरची एक फोटोफ्रेम वाचणार आहोत. ती कोणा नामवंत छायाचित्रकाराची नाही आणि कोणत्याही संग्रहालयात नाही. भिलाईच्या कोहका भागातील एका मराठी घराच्या बैठकीत, टीव्हीच्या वर, ती टांगलेली आहे. अशा फ्रेमा आता देशभर घरोघरी लागत आहेत. त्यामुळे तुम्ही ज्या राज्यात शिकत असाल, तिथे या पाठातील उदाहरण तुमच्या ओळखीचेच निघेल.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. छत्तीसगढशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूरवर स्वारी केली, पुढे बिंबाजी भोसले यांनी तिथूनच कारभार पाहिला, आणि 1854 मध्ये हा सारा प्रदेश इंग्रजांकडे गेला. पण भिलाईतील बहुतेक मराठी कुटुंबे या इतिहासामुळे तिथे आलेली नाहीत. ती पोलादामुळे आली. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भंडारा, नागपूर, वर्ध्याकडची तरुण मंडळी मुंबई-हावडा मार्गाच्या गाडीत बसून इकडे कामाला आली. कारखान्याच्या सेक्टरांची आखीव वसाहत रेल्वेमार्गाच्या एका बाजूला आहे; सुपेला, कोहका, जुनवानी ही हळूहळू भरत गेलेली वस्ती दुसऱ्या बाजूला. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावे लागते. मग अनेकांनी या बाजूला लहानमोठी घरे बांधली. क्वार्टर सोडताना ट्रंकेच्या तळाशी जे फोटो सापडले, त्यांपैकी एकाची ही गोष्ट.

दोन प्रती

मूळ फोटो पोस्टकार्डाएवढा आहे. कृष्णधवल, पण आता तपकिरीकडे झुकलेला; कडा नक्षीदार कापलेल्या. मागे दुर्गच्या एका स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि 1961 हे साल. रंगवलेल्या पडद्यापुढे पंचविशीची एक स्त्री लाकडी खुर्चीवर बसली आहे. नऊवारी लुगडे, एक हात शेजारच्या गोल टेबलावर, टेबलावर कागदी फुले. फोटो मधोमध दुमडल्यामुळे एक पांढरी चीर डाव्या खांद्यापासून गळ्यापर्यंत आली आहे. वरच्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके आहेत. इथपर्यंत सारे सामान्य.

आता चेहरा पाहा. कपाळावर कुंकू आहे आणि त्याच्याखाली, दोन भुवयांच्या मध्ये, गोंदणाची लहान उभी रेघ. हनुवटीवर तीन ठिपके. टेबलावर टेकलेल्या हाताच्या मनगटाजवळ गोंदलेली तुळस. गालावर देवीचे दोन-चार व्रण. आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही. ती किंचित उजवीकडे वळली आहे. घरचे सांगतात की सहा महिन्यांचे बाळ तिच्या नणंदेने कॅमेऱ्याशेजारी धरले होते आणि ते रडत होते. म्हणजे या फोटोत एक बाळ आहे. ते फक्त चौकटीत आलेले नाही.

दुसरी प्रत फ्रेमेतली. बारा बाय अठरा इंच, कॅनव्हाससारखा पोत असलेले लॅमिनेशन, सोनेरी पट्टीची चौकट. ती बाजारातल्या एका फोटोच्या दुकानात संगणकावर 'रिस्टोर' करून घेतली आहे. खांद्यावरची चीर गेली, बुरशी गेली. पडदा, खुर्ची, टेबल आणि कागदी फुलेही गेली. त्यांच्या जागी निळसर धुके आले. लुगडे राणी रंगाचे झाले. खरे तर ते हिरवे होते, लग्नातले, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कातडी गुळगुळीत आणि दोन छटा उजळ झाली. डोळे सरळ समोर पाहू लागले. कुंकू राहिले. गोंदणाची रेघ, हनुवटीवरचे ठिपके आणि देवीचे व्रण मात्र उरले नाहीत. हात चौकटीतून कापला गेल्यामुळे तुळसही गेली.

दुकानदाराने फ्रेम देताना अभिमानाने सांगितले, "दाग-धब्बे सब साफ कर दिए." मुलाने पैसे दिले आणि फ्रेम टांगली. त्याच आठवड्यात आत्याबाई आल्या. 1961 साली बाळ धरून उभी असलेली नणंद ती हीच. आता वय ऐंशीच्या पुढे. त्या फ्रेमेपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही वहिनी नव्हे. तिची बहीण असन त मले मालूम नाही."

या एका वाक्यात समीक्षेचा सगळा प्रश्न आहे. चेहरा सुंदर आहे, स्पष्ट आहे, नाकीडोळी जवळपास तोच आहे. तरीही ओळखणारी व्यक्ती त्याला ओळखत नाही. काय हरवले?

डाग आणि खूण

गोंदणाविषयी एक समजूत महाराष्ट्रात आहे आणि छत्तीसगढमध्येही आहे. सोन्याचे दागिने मेल्यावर इथेच राहतात. माणसाबरोबर जाते ते फक्त गोंदण. छत्तीसगढमध्ये गोदना करण्याचे काम परंपरेने देवार समाजातील स्त्रिया करीत आल्या आहेत. आपल्याकडे गोंदणारीण गावोगाव फिरे. सुईची वेदना सोसून मिळवलेला हा एकमेव न चोरता येणारा दागिना, आणि स्मृतिचित्रातून नेमका तोच काढला गेला. कोणी मुद्दाम काढला असता, तर त्याला विचारता तरी आले असते की बाबा रे, का? इथे कोणी काढलाच नाही. संगणकाला तो डाग वाटला.

अर्थात तंत्राने गोंदण गिळण्याची ही पहिली वेळ नव्हे. एकोणिसाव्या शतकातील ओल्या काचेच्या छायाचित्रणात वापरले जाणारे रसायन मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई. त्यामुळे निळसर-हिरवट रेषा त्यात फिक्या पडत. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचे 'मोको' हे गोंदण अशा कित्येक फोटोंत जवळजवळ दिसेनासे झाले. तिथे दोष रसायनाचा होता. इथे दोष कशाचा आहे, हे समजून घेण्यासाठी ही दुरुस्ती कशी होते ते थोडे पाहावे लागेल.

जुन्या अर्थाने संगणकावर फोटो दुरुस्त करणे म्हणजे हातकामच होते. फोटोशॉप 1990 मध्ये आले. त्यातला 'क्लोन स्टॅम्प' फोटोतला एक भाग उचलून दुसऱ्या ठिकाणी लावतो. 2002 मध्ये आलेला 'हीलिंग ब्रश' असा उचललेला भाग आजूबाजूच्या छटेत मिसळून देतो. चीर खांद्यावर असेल, तर खांद्याचेच शेजारचे कापड घेऊन ती बुजवायची. काम कंटाळवाणे, पण प्रत्येक ठिकाणी माऊस थांबतो आणि माणसाला ठरवावे लागते : हे पुसायचे की ठेवायचे?

गेल्या काही वर्षांत आलेल्या चेहरा सुधारणाऱ्या प्रणालींची रीत वेगळी आहे. 2021 मध्ये टेन्सेंट कंपनीच्या संशोधकांनी मांडलेली 'जीएफपीगॅन' ही त्यांतली गाजलेली आणि मोफत उपलब्ध झालेली एक. अशा प्रणालीला आधी हजारो स्वच्छ चेहरे दाखवून शिकवलेले असते. जीएफपीगॅनचा आधार असलेल्या 'एफएफएचक्यू' या संचात फ्लिकर संकेतस्थळावरून घेतलेले 70,000 फोटो आहेत. पुसट चेहरा दिला की प्रणाली विचारते (विचारते हा शब्द सैलपणे वापरतो आहे) की, मी शिकलेल्या चेहऱ्यांच्या हिशोबाने इथे काय असण्याची शक्यता जास्त? आणि ते रचते. ती मूळ चेहऱ्यावरची धूळ झटकत नाही. मूळ चेहऱ्याच्या जागी त्याच्यासारखा दुसरा चेहरा बसवते. 2020 मध्ये 'पल्स' नावाच्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामा यांचा मुद्दाम धूसर केलेला फोटो दिला, तेव्हा तिने एक गोरा माणूस काढून दाखवला. जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एकाचे असे झाले. मग ज्या संचात नऊवारीतल्या, देवीचे व्रण आणि हनुवटीवर तीन ठिपके असलेल्या बायका फारशा असण्याचे कारणच नाही, त्यावर पोसलेल्या प्रणालीने भंडाऱ्याच्या मुलीचे काय करावे?

पूर्वी हात फिरत नव्हता का?

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जुन्या स्टुडिओतही फोटोवर हात फिरवला जाई. काचेच्या किंवा फिल्मच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने 'रिटच' करून सुरकुत्या आणि व्रण हलके करणे हा तर धंद्याचा भागच होता. कृष्णधवल फोटोवर पातळ रंगांनी ओठ, गाल आणि साडीची किनार रंगवून देणारे कारागीर होते. नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी तर श्रीनाथजींच्या रंगवलेल्या चित्रात यात्रेकरूंचे फोटोतले चेहरे कापून चिकटवले. क्रिस्टोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाचे 'कॅमेरा इंडिका' (1997) हे पुस्तक मध्य प्रदेशातील नागदा या कारखान्याच्या गावातील स्टुडिओंवर बरेच विसंबून आहे. भिलाईच्या वाचकाला ते घरचे वाटेल. एकाच फोटोत एका माणसाची दोन रूपे, बनावट पार्श्वभूमी, मृतांच्या फोटोवरून रंगवलेली स्मृतिचित्रे हे सारे तिथे आहे. लोक स्टुडिओत जात ते आहे तसे दिसायला नव्हे, जरा बरे दिसायला. ही इच्छा खोटी म्हणून उडवून लावणे मला उद्धटपणाचे वाटते.

माझ्या मते याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रातले आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. तिथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची ओलिओग्राफ चित्रे घराघरांत पोहोचली. एकसारखी, यंत्राने छापलेली. पण अनेक घरांत त्या चित्रांवर कापडाच्या साड्या शिवल्या गेल्या, जर लावली गेली, टिकल्या आणि मणी टाचले गेले. चेहरा आणि हात छापील, बाकी सारी हातची कारागिरी. अशी चित्रे आज संग्राहक शोधत फिरतात. त्या गृहिणीने रविवर्म्याचे चित्र 'बिघडवले' असे आपण म्हणत नाही. का बरे? कारण छापील कुठे संपते आणि जर कुठे सुरू होते, हे बोट फिरवले तरी कळते. तिने आपला हात लपवलेला नाही.

पण हात दिसला पाहिजे, एवढाच नियम केला तर तोही अपुरा पडतो. आपल्याकडे रफूगार आहेत. रफूची सारी थोरवी ती दिसत नाही यातच असते. शेरवानीला पडलेले भोक कुठे होते हे मालकालाही सापडू नये, तेव्हा रफूगार हसतो. मग लपलेला हात वाईट कसा म्हणायचा? इथे कारागिरीतला एक तपशील आपल्या मदतीला येतो. चांगला रफूगार धागा बाहेरून आणत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून किंवा दुमडीतून तो धागा ओढून घेतो आणि त्यानेच भोक विणतो. म्हणून रंग जुळतो, वीण जुळते आणि कापड तेच राहते.

फोटोच्या दुरुस्तीकडे या नजरेने पाहा. क्लोन स्टॅम्पने खांद्याची चीर खांद्याच्याच कापडाने बुजवणे हे रफू आहे. सत्तर हजार परक्या चेहऱ्यांच्या सरासरीतून नवा गाल विणून बसवणे हे रफू नव्हे; ते ठिगळ आहे, आणि ठिगळ असूनही ते आपण रफू असल्याचे भासवते. सौंदर्यदृष्ट्या कोहक्याच्या फ्रेमेची मला वाटणारी मुख्य उणीव हीच आहे. राणी रंगाचे लुगडे चुकीचे असले तरी मला त्याचा फार राग येत नाही; रंग कोणीतरी भरला आहे हे कृष्णधवल काळ माहीत असलेल्या कोणालाही कळते. गालाचे तसे नाही. गाल खरा वाटतो.

पाठचिकित्सेकडून काय शिकता येईल

मराठीच्या विद्यार्थ्यांना दुरुस्तीचा हा प्रश्न नवा नाही. वेगळ्या विषयात तो त्यांनी शिकलेला असतो. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. नकलाकारांच्या हातून शिरलेले दोष काढले आणि ग्रंथात यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीद दिली. संपादकाची ही मर्यादा फार मोलाची आहे : झीज भरून काढा, पण स्वतःचे घालू नका. पुढे 1909 मध्ये वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि अभ्यासकांत वाद सुरू झाला, कारण शुद्ध प्रत हाती असली तरी शुद्धीच्या आधी काय होते हे जाणण्याची ओढ संपत नाही.

त्याहून काटेकोर उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये सुरू होऊन 1966 मध्ये पूर्ण झाले. वि. स. सुकथनकर 1925 पासून तिचे प्रमुख संपादक होते. त्या आवृत्तीत जिथे संपादकांना मूळ पाठाची पुरेशी खात्री नाही, तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ छापलेली असते, आणि टाकलेले पाठभेद पानाच्या तळाशी दिलेले असतात. म्हणजे वाचकाला सलग श्लोकही मिळतो आणि संपादकाची शंकाही दिसते. चित्रांच्या जगात इटलीच्या चेझारे ब्रांदी यांनी 1963 च्या आपल्या ग्रंथात साधारण हेच तत्त्व मांडले : भरलेली जागा दुरून पाहताना चित्रात मिसळावी, पण जवळ जाऊन पाहिले तर वेगळी ओळखू यावी. रोममधील जीर्णोद्धारकांनी त्यासाठी बारीक उभ्या रेघांनी रंग भरण्याची पद्धत वापरली.

कोहक्याच्या फ्रेमेत नागमोडी रेघ कुठेच नाही. गंमत अशी की संगणकात तशी सोय आहे. फोटोशॉपमध्ये 1994 पासून 'लेअर' आहेत. मूळ फोटो सर्वांत खाली तसाच ठेवून प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या थरावर करता येते. थर बंद केला की खालचे दिसते. हाच आपला पाठभेदांचा तळटीप-विभाग. पण दुकानदार ग्राहकाला देतो ती जेपीजी फाईल, आणि ती बनताना सगळे थर एकात चेपले जातात. व्हॉट्सॲपवर कुटुंबात फिरते ती हीच. दोन-तीन वर्षांत नातवंडांच्या फोनमध्ये आजी म्हणून तीच उरते. मूळ पोस्टकार्ड 'आता काय करायचे आहे' म्हणून रद्दीत जाता जाता वाचले, हे या घराबद्दल मुद्दाम सांगतो. अनेक घरांत ते वाचत नाही.

कुंकवाचा अवघड प्रश्न

आतापर्यंतचा युक्तिवाद सोपा होता, कारण गोंदण पुसावे असे कोणालाच वाटत नव्हते. पण दुकानात येणारी मागणी बरेचदा नेमकी आणि जाणीवपूर्वक असते. वडील आधी गेले, आई नंतर. आईचा शेवटचा चांगला फोटो मोकळ्या कपाळाचा. मुले म्हणतात, कुंकू लावून द्या, हिरव्या बांगड्या घाला, आणि बाबांच्या शेजारी बसवा. हे खोटे आहे का?

कागदपत्र म्हणून पाहिले, तर हो. ते मोकळे कपाळ हा एका रूढीचा पुरावा आहे. तो पुसला तर त्या बाईने वीस वर्षे काय सोसले याची एक खूण पुसली जाते. पण स्मृतिचित्र म्हणून पाहिले, तर जिवंतपणी समाजाने जे काढून घेतले ते मुले चित्रात परत देत आहेत. त्यात एक न्याय आहे, उशिराचा. मी या मागणीला नाही म्हणणार नाही. फक्त दोन्ही फोटो ठेवा म्हणेन. इथे बदल करणाऱ्याला आपण काय बदलतो आहोत हे ठाऊक आहे, आणि तो ज्या माणसांसाठी करतो त्यांनाही ठाऊक आहे. गोंदणाच्या बाबतीत दोघांनाही ठाऊक नव्हते.

घरच्यांचा अधिकार कुठे संपतो, याचे उलट टोकाचे उदाहरण 2021 चे आहे. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांचे फोटो एका रंगकर्मीने रंगीत केले. ते एका संकेतस्थळावर झळकले आणि लक्षात आले की काही चेहऱ्यांवर मूळ फोटोत नसलेले हसू आहे. नातेवाइकांनी आणि कंबोडियाच्या सरकारने निषेध केल्यावर ते काढून घ्यावे लागले. त्याच वर्षी मायहेरिटेज या वंशावळीच्या संकेतस्थळाने जुन्या फोटोतील चेहऱ्यांना पापण्या मिटायला आणि मान वळवायला लावणारी सोय आणली. तिच्या चित्रफिती बघताना लोक रडले, आणि काही दचकले. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिकच होत्या.

रोलां बार्थ यांच्या 'कॅमेरा ल्युसिडा' (1980) या पुस्तकाचा गाभा आईचा एक जुना फोटो आहे. ती पाच वर्षांची असतानाचा. बार्थ त्याबद्दल पानेच्या पाने लिहितात आणि तो फोटो मात्र पुस्तकात छापत नाहीत. इतरांना तो कोणत्याही फोटोसारखा एक वाटेल, म्हणून. छायाचित्राची ताकद त्यांच्या मते यात असते की, ती व्यक्ती खरोखरच त्या क्षणी कॅमेऱ्यापुढे होती. नजर उजवीकडे वळलेली असणे हा कोहक्याच्या फोटोतला तसाच क्षण होता. प्रणालीने बुबुळे मधोमध आणली आणि रडणारे बाळ खोलीतून बाहेर काढले. ते बाळ म्हणजे आज साठी ओलांडलेला, फ्रेमेचे पैसे देणारा मुलगा.

त्याच भिंतीवर

फ्रेम एकटी नाही. तिच्या डावीकडे काचेत मढवलेले भरतकामाचे पोपट आहेत, त्याच बाईंनी रुखवतासाठी केलेले. उजव्या पोपटाची शेपटी अर्ध्यावर वेगळ्या हिरव्या रंगाची होते. दोरा संपला असणार आणि तसाच दुसरा मिळाला नसणार. साठ-पासष्ट वर्षे ही चूक काचेमागे मजेत बसली आहे. दारावर मण्यांचे तोरण आहे. त्याचा तुटलेला एक सर सुनेने वेगळ्या मण्यांनी ओवला आहे. आणि टीपॉयवरच्या कापडावर गोदन्याचे नमुने आहेत. सरगुजा भागातील स्त्रिया हल्ली हे नमुने अंगावरून कापडावर उतरवतात, साड्या आणि दुपट्टे रंगवतात; प्रदर्शनातून सुनेने ते आणले. आता हेच नमुने संगणकाच्या 'डिझाइन'मध्येही आले आहेत. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स यांवर ते सुटे, स्वच्छ, हवे तेवढे मोठे करून मिळतात.

एकाच खोलीत गोंदण टीपॉयवर शोभेचे म्हणून विकत आणले आहे, आणि आजीच्या हनुवटीवरून डाग म्हणून पुसले आहे. घरच्यांना हे दाखवले तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही; मग सूनबाईच हसल्या.

या घरातली नात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने मूळ पोस्टकार्ड स्कॅन केले आणि 'गिम्प' या मोफत प्रणालीत तीन संध्याकाळी बसून फक्त चीर आणि बुरशी काढली, फोटोतल्याच शेजारच्या छटांनी. चेहऱ्याला हात लावला नाही. खुर्ची, टेबल, कागदी फुले आणि तुळस तशीच. काम सफाईदार झालेले नाही. गळ्याजवळ चिरेची पुसट सावली अजून दिसते. पाच बाय सात इंचांची ही प्रत आत्याबाईंना पाठवली. बैठकीतली मोठी फ्रेम कोणी काढली नाही, आणि काढावी असे मीही सुचवले नाही.

तुम्ही हा स्वाध्याय करून पाहाल तेव्हा एक गोष्ट विसरू नका : फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. दुकानात ती कोणी करत नाही. कोहक्याच्या फोटोमागे शिक्क्याखाली पेन्सिलीने '3 कॉपी' असे लिहिलेले आहे. एक इथे सापडली. उरलेल्या दोन कोणाकडे गेल्या, याची चौकशी ती मुलगी आता भंडाऱ्याच्या नातेवाइकांकडे करते आहे.